तक्त्यातला हात आणि चोळणारा हात

गेल्या आषाढात माझ्या एका सहकारी शिक्षकांनी पालखीच्या गर्दीतल्या एका पालावरून रंगीत तक्ता विकत आणला आणि माझ्या हातात देत म्हणाले, "सर, तुम्ही विज्ञानवाले. लावा वर्गात, मुलांच्या कामी येईल." तक्ता छपाईला चांगला आहे. दोन तळहात, दोन तळपाय, त्यांवर लाल-निळे-हिरवे ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याला आकडा. अंगठ्याच्या शेंड्यावर मेंदू, बोटांच्या मुळाशी डोळे आणि कान, तळव्याच्या मध्याजवळ मूत्रपिंड, मनगटाकडे आतडी. वर मोठ्या अक्षरांत 'प्राचीन चिनी मर्दनशास्त्र' आणि खाली बारीक अक्षरांत 'रोज दहा मिनिटे दाबा, निरोगी राहा'. सोबत बोथट टोकाची लाकडी दांडी मोफत.

वर्गात लावण्याआधी नीट पाहावा म्हणून मी तो घरी पळसदेवला आणला. प्रस्तुत लेख म्हणजे त्या तक्त्याचे परीक्षण आहे. परीक्षण पुस्तकाचे करतात, तक्त्याचे कुठे करतात, असे कोणी म्हणेल. पण पुस्तक कपाटात जाते, तक्ता भिंतीवर दहा-दहा वर्षे राहतो आणि कंटाळवाण्या तासाला मुले तोच पुन्हा पुन्हा वाचतात. शिवाय माझे या तक्त्याशी थोडे घरगुती भांडणही आहे. ते पुढे येईल.

सुरुवात मथळ्यापासून करू. 'प्राचीन' आणि 'चिनी' हे दोन्ही शब्द या तक्त्याला लागू पडत नाहीत. तळहाता-तळपायावर सगळ्या शरीराचा नकाशा काढण्याची ही पद्धत विसाव्या शतकातली आणि अमेरिकेतली. विल्यम फिट्झजेराल्ड नावाचे कनेक्टिकट राज्यातले कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. शरीराचे डोक्यापासून पायापर्यंत दहा उभे पट्टे पडतात, प्रत्येक पट्टा हाताच्या आणि पायाच्या एकेका बोटात संपतो, आणि बोट दाबले की त्या पट्ट्यातल्या अवयवाच्या वेदना कमी होतात, अशी त्यांची कल्पना. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९१७ साली निघाले. पुढे १९३० च्या दशकात युनिस इंगहॅम या बाईंनी हे पट्टे तळपायावर बारकाईने बसवले आणि कोणता अवयव कुठे याचे नकाशे तयार केले. आपल्या पालावरच्या तक्त्यातले ठिपके त्याच घराण्यातले आहेत. प्राचीन चीनमध्ये सुया टोचण्याचे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा होत्या हे खरे, पण त्यांची मांडणी पूर्ण वेगळी आहे.

उगम अमेरिकेत झाला म्हणून एखादी गोष्ट खोटी ठरत नाही, तशी चीनमध्ये झाला म्हणून खरीही ठरत नाही. तपासायचे ते परिणाम. तळपाय दाबण्याच्या या उपचारावर झालेल्या १८ नियंत्रित चाचण्या एडझार्ड अर्न्स्ट यांनी २००९ साली एकत्र तपासल्या. कोणत्याही आजारावर हा उपचार गुणकारी आहे असे खात्रीने म्हणण्याजोगा पुरावा त्यांना मिळाला नाही. पाय दाबून घेतल्यावर बरे वाटते, यावर कोणाचाच वाद नाही. वाद आहे तो 'तळव्याचा मध्य दाबला की मूत्रपिंड सुधारते' या वाक्यावर.

आता माझा मुख्य आक्षेप. या तक्त्यात हात आहे, पण तो दाबून घेणाऱ्याचा. दाबणाऱ्याचा हात तक्त्यात कुठेच नाही. कसे दाबायचे? अंगठ्याच्या शेंड्याने की पेराने? एका जागी धरून की गोल फिरवत? मिनिटाला किती वेळा? कोपर कुठे ठेवायचे? या सगळ्याला तक्त्याचे एकच उत्तर: 'दाबा'. आणि गंमत अशी, की चिनी मर्दनाची खरी मातबरी असेल, तर ती नेमकी याच जागी आहे. चीनमध्ये या विद्येला आज 'तुइना' म्हणतात. 'तुइ' म्हणजे लोटणे, 'ना' म्हणजे पकडून उचलणे. त्याआधीचा शब्द 'आन-मो', म्हणजे दाबणे-चोळणे. दोन्ही नावे हाताच्या क्रियांवरून पडली आहेत. तांग राजवटीच्या काळात तिथल्या राजवैद्यशाळेत आन-मोचा स्वतंत्र विभाग होता. 'तुइना' हा शब्द मिंग काळात, तोही मुलांच्या उपचारांवरच्या ग्रंथांतून रूढ झाला.

या विद्येत हाताच्या क्रियांना 'शोउ-फा' म्हणतात. शब्दशः अर्थ हाताची रीत. तिथल्या पाठ्यपुस्तकांत या रीतींची सहा घराणी करतात: झुलवण्याच्या, घासण्याच्या, थरथरवण्याच्या, दाबून-पिळून धरण्याच्या, ठोकण्याच्या आणि सांधा हलवण्याच्या. प्रत्येक घराण्यात चार-सहा क्रिया, आणि प्रत्येकीला आपले नाव. नुसते घासणे घेतले तरी तळहाताने गोल फिरवणे वेगळे, सरळ रेषेत वेगाने घासून ऊब आणणे वेगळे, जोर देऊन एकाच दिशेला लोटणे वेगळे आणि दोन तळव्यांमध्ये दंड धरून रवी फिरवल्यासारखा घुसळणे वेगळे.

झुलवण्याच्या घराण्यातल्या दोन क्रिया मला विशेष वाटतात. पहिलीला 'एक-बोटी ध्यान' असे काहीसे गूढ नाव आहे, पण क्रिया साधी. अंगठ्याचे टोक एका जागी टेकवायचे, मनगट लोंबते ठेवायचे, कोपर खाली सोडायचे आणि पुढचा हात घड्याळाच्या लंबकासारखा झुलवायचा. अंगठा जागचा हलत नाही. त्याच्याखालचा दाब मात्र कमी-जास्त होत राहतो. गती मिनिटाला १२० ते १६०. दुसरी क्रिया शांघायच्या डिंग जिफेंग यांनी १९४० च्या दशकात बसवली. हाताची मागची बाजू, करंगळीकडची, स्नायूवर ठेवायची आणि मनगट वळवत ती पुढे-मागे लाटायची. हाताच्या मागच्या बाजूला गोलाई असते, त्यामुळे ती पोळपाटावरच्या लाटण्यासारखी फिरते. कातडी घासली जात नाही आणि मोठ्या स्नायूवर वजन बराच वेळ देता येते. अंगठ्याने हे काम तासभर केले तर दुसऱ्या दिवशी अंगठाच आजारी पडेल. म्हणजे 'प्राचीन' समजल्या जाणाऱ्या विद्येतली एक प्रमुख क्रिया ऐंशी-पंचाऐंशी वर्षांपूर्वीची आहे. परंपरेत नवे बसते ते असे.

या क्रिया रुग्णावर शिकवत नाहीत. वाळू किंवा तांदूळ भरलेली कापडी पिशवी देतात आणि विद्यार्थ्याने तिच्यावर महिनोन् महिने हात बसवायचा. परीक्षेचे निकष ठरलेले: क्रिया टिकाऊ हवी, जोरकस हवी, एकसारखी हवी, मऊ हवी, आणि या चारही असल्या की ती खोलवर पोचते. जोरकस आणि मऊ एकाच वेळी! ज्याने कणीक तिंबली आहे त्याला यात विरोधाभास वाटणार नाही.

हे वाचून मला वाटले, आपल्याकडे हे नाही का? वारीत पाहावे म्हणून आठवी-नववीची दहा-बारा मुले घेऊन मी निमगाव केतकीला गेलो. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरला येते. आमचे पळसदेव सोलापूर रस्त्यावर, त्यामुळे पालखी पाहायची तर आम्हालाच तिकडे जावे लागते. मुक्कामाच्या गावी वारकऱ्यांचे पाय चेपून देणारे लोक बसलेले असतात. तरुण मंडळाची पोरे असतात, म्हाताऱ्या बाया असतात, तालमीतले आडदांड गडी असतात. तेलाची बाटली, सतरंजी, आणि पुढे पाय सोडून बसलेले माउली.

मुलांना काम एकच दिले होते. हात काय करतो ते पाहायचे आणि त्याला एक शब्द द्यायचा. 'मालिश' हा शब्द लिहायचा नाही. दोन तासांत यादी अशी झाली: चोळणे, चेपणे, दाबणे, रगडणे, मळणे, पिळणे, थोपटणे, थापटणे, बुक्क्या मारणे, घासणे, घोळणे, ओढणे, बोटे मोडणे, झटकणे, तुडवणे. एका मुलीने तालमीतल्या गड्याचे मनगट वळताना पाहून 'लाटणे' लिहिले. तिला डिंग जिफेंग माहीत असण्याचे कारण नव्हते. तिला लाटणे माहीत होते.

ही यादी पुढे ठेवून पाहा. यातले जवळजवळ अर्धे शब्द स्वयंपाकघरातले आहेत. मळणे, थापणे, लाटणे, चुरणे, घोटणे, तिंबणे. हाताच्या क्रिया बारकाईने वेगळ्या करणारी भाषा आपल्याकडे भरपूर आहे. युरोपात एकोणिसाव्या शतकात मेझगर या डच डॉक्टरांच्या नावाशी जोडलेली फ्रेंच शब्दांची परिभाषा रूढ झाली आणि फिजिओथेरपीच्या पुस्तकांत 'एफ्लुराज', 'पेत्रिसाज', 'तापोतमाँ' असे शब्द अजून छापतात. आमच्या फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्याला ते पाठ करावे लागतात. पेत्रिसाज म्हणजे कणीक मळणे, एवढेच! शब्द आपल्याकडे होते, पण त्यांचा तक्ता कोणी केला नाही. सांधा हलवण्याचे घराणे आपल्याकडे आहे, ठोकण्याचे आहे, दाबण्याचे तर आहेच. लंबकासारखे झुलवणे मात्र मुलांना त्या दिवशी दिसले नाही.

त्या तालमीतल्या वस्तादांना मी विचारले, की कुठे दाबायचे आणि कुठे मळायचे हे कसे ठरवता. ते म्हणाले, "गुरुजी, हाताला कळतं. तोंडाला नाय सांगता येत." मला हे उत्तर आवडले आणि त्याच वेळी खटकलेही. हाताला कळते हे खरे आहे. पण जे तोंडाने सांगता येत नाही ते दुसऱ्याला तपासताही येत नाही. आमचे जुने पळसदेव उजनी धरणाच्या पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी फार ओसरले की पळसनाथाचे जुने दगडी देऊळ वर येते, लोक पाहायला येतात, फोटो काढतात. हाताचे कसब असे पुन्हा वर येत नाही.

आता थोडे गणित, कारण 'दाबा' या शब्दात पदार्थविज्ञानाचा एक अख्खा पाठ दडला आहे. घरातला वजनकाटा जमिनीवर ठेवा. मुलाला गुडघ्यावर बसवून, कोपर वाकवून, फक्त दंडाच्या जोरावर अंगठ्याने दाबायला सांगा. काटा किती दाखवतो आणि किती सेकंद टिकतो ते लिहा. मग कोपर सरळ ठेवून अंगाचा भार पुढे टाकायला सांगा. काटा जास्त चढतो, स्थिर राहतो आणि मूल दमत नाही. तुइनाच्या पुस्तकात खांदा सैल आणि कोपर खाली असा आग्रह का धरतात, ते एका मिनिटात कळते.

पुढची पायरी दाबाची. समजा, हात ५ किलोग्रॅम वजनाइतके बल लावतो. अंगठ्याच्या पेराखालचे क्षेत्र सुमारे ३ चौरस सेंटीमीटर धरले तर दर चौरस सेंटीमीटरला १.६७ किलोग्रॅम. तेच बल ७० चौरस सेंटीमीटरच्या तळव्याने लावले तर ०.०७ किलोग्रॅम. म्हणजे बल तेच, दाबात तेवीस-चोवीस पटींचा फरक. आता १२० मिलिमीटर पाऱ्याचा रक्तदाब याच एककात मांडला तर येतो सुमारे ०.१६ किलोग्रॅम. तळव्याचा दाब त्याच्या निम्म्याहून कमी आहे आणि अंगठ्याचा दहापट. मऊ मांसात हा दाब खोल जाता जाता पसरतो आणि उतरतो, त्यामुळे हा हिशोब कातडीजवळचा समजावा. तरी एवढे दिसते, की तळव्याने चोळताना शिरांतले रक्त पुढे सरकू शकते, आणि अंगठा रुतवला तर त्या जागचा प्रवाह तेवढा वेळ थांबतो. तक्त्यासोबत मिळालेल्या दांडीचे टोक तर अर्ध्या चौरस सेंटीमीटरचेही नाही. बाकीचा हिशोब मुलांना करू द्यावा.

याच हिशोबातून एका लोकप्रिय समजुतीकडे जाता येते. 'चोळल्याने थकलेल्या स्नायूतले लॅक्टिक आम्ल निघून जाते' हे वाक्य तालमीत, क्रीडाशिक्षकांच्या शिबिरात आणि काही पुस्तकांतही ऐकू येते. मी स्वतः ते वर्गात सांगितले आहे. वस्तुस्थिती अशी, की जोरदार व्यायामानंतर वाढलेले लॅक्टेट तासाभरात आपोआप पूर्वपदावर येते. अंग दुखते ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, लॅक्टेट केव्हाच गेलेले असताना. कॅनडातील क्वीन्स विद्यापीठात २०१० साली झालेल्या प्रयोगात तर व्यायामानंतर हात चोळल्याने लॅक्टेट बाहेर पडण्यात अडथळाच आला, कारण दाबताना रक्तप्रवाह मध्येमध्ये अडतो.

मग चोळण्याने काहीच होत नाही का? होते. २०१२ साली कॅनडातल्याच मॅकमास्टर विद्यापीठात ११ तरुणांना दमेपर्यंत सायकल चालवायला लावली आणि नंतर प्रत्येकाची एकच मांडी दहा मिनिटे चोळली. दोन्ही मांड्यांतल्या स्नायूंचे कणभर नमुने काढून तपासले. लॅक्टेटमध्ये फरक नव्हता. मात्र चोळलेल्या मांडीत दाह वाढवणारे रासायनिक संदेश कमी झालेले दिसले. अकरा माणसे म्हणजे फार थोडी, हे लक्षात ठेवावे. पण शिक्षकांनी या प्रयोगाची रचना वर्गात जरूर सांगावी. तुलनेसाठी दुसरा माणूस शोधला नाही. त्याच माणसाचा दुसरा पाय घेतला. वय, आहार, झोप, स्वभाव, सगळे आपोआप सारखे.

आम्ही याची साधी नक्कल मैदानावर करून पाहिली. धावून झाल्यावर नाणे उडवून एक पोटरी ठरवायची, तीच चोळायची आणि दुसऱ्या दिवशी दोन्हींचे दुखणे दहापैकी गुणांत सांगायचे. प्रयोग फसला, आणि फसला ते बरे झाले. बहुतेक मुलांनी चोळलेल्या पोटरीला चांगले गुण दिले. एकाला बाजूला घेऊन विचारले तेव्हा तो म्हणाला, "सर, तुम्हाला तसंच पाहिजे होतं ना?" गोळीच्या चाचणीत खडीसाखरेची गोळी देऊन रुग्णाला अंधारात ठेवता येते. चोळून घेणाऱ्याला आपण चोळलो गेलो हे कळतेच. मर्दनावरच्या साऱ्या संशोधनाची ही अडचण आहे, चिनी असो वा देशी. कंबरदुखीवरच्या २५ चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१५ साली घेतला. चोळल्याने थोड्या काळापुरते बरे वाटते असे त्यात दिसले, पण पुराव्याचा दर्जा फारच कमजोर असल्याचेही आढावा घेणाऱ्यांनी नोंदवले.

आपल्याकडच्या उसणीचेच पाहा ना. पाठीत उसण भरली की पायाळू माणसाला शोधून आणायचे आणि त्याचा पाय पाठीला लावून घ्यायचा. उसण उतरते! अचानक भरलेली बरीचशी पाठदुखी काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत उपचार न करताही उतरते. पायाळू माणूस यायला जितका उशीर, तितका त्याचा गुण मोठा.

वेदना कमी होण्याचे एक कारण मात्र मज्जासंस्थेत सापडते. लागलेल्या जागी आपण नकळत हात चोळतो. स्पर्शाचे संदेश वेदनेच्या संदेशांना पाठीच्या कण्यातच अडवू शकतात, अशी 'फाटका'ची कल्पना मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ साली मांडली. तिच्या तपशिलात पुढे बदल झाले, गाभा टिकला. शिवाय केसाळ कातडीत काही मंदगती मज्जातंतू असे आहेत, की ते सेकंदाला १ ते १० सेंटीमीटर वेगाने हळुवार फिरणाऱ्या स्पर्शाला सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. आई तान्ह्या बाळाच्या अंगावरून हात फिरवते तो वेग साधारण हाच.

बाळाच्या मालिशीबाबत तर आपल्या घरचाच पुरावा आहे. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या डॉक्टरांनी खोबरेल तेल, खनिज तेल आणि नुसती पावडर यांची तुलना नवजात बाळांवर करून २००५ साली प्रसिद्ध केली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे वजन खोबरेल तेलाने अधिक वेगाने वाढलेले दिसले. न्हाऊ घालणाऱ्या आजींची पद्धत पूर्ण टाकाऊ नव्हती, असा याचा अर्थ. पण त्याच पद्धतीत बाळाची छाती पिळून 'दूध काढणे' आहे, ज्याने गळू होऊ शकते. नाकात-कानात तेल सोडणे आहे, ज्याने तेल फुप्फुसात जाऊ शकते. चांगले आणि घातक एकाच हातात राहते, कारण क्रियांची वेगवेगळी नावे घेऊन कोणी निवड केलेली नाही.

चिनी विद्येलाही हाच न्याय लावला पाहिजे. तिच्या बालोपचारात अंगठा म्हणजे प्लीहा, तर्जनी म्हणजे यकृत, मधले बोट हृदय, अनामिका फुप्फुस आणि करंगळी मूत्रपिंड. अंगठ्याची कड इतक्या वेळा घासली की प्लीहा बळकट होते आणि भूक लागते, असे सांगतात. आमच्या तक्त्यात अंगठ्यावर मेंदू आहे. दोन्ही नकाशे एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत, आणि शरीरशास्त्र दोन्हींना आधार देत नाही. क्रियेचे वर्णन उत्कृष्ट असले म्हणून तिच्या कारणाचे स्पष्टीकरण बरोबर असते असे नाही. तक्त्याच्या तळाशी 'हेच आपले मर्मशास्त्र' असेही एक वाक्य आहे. सुश्रुताने १०७ मर्मे सांगितली, ती घाव लागला तर काय होईल या हिशोबाने: तत्काळ मृत्यू, कालांतराने मृत्यू, शल्य काढताच मृत्यू, कायमचे व्यंग, वेदना. रोज दहा मिनिटे दाबायची म्हणून ती यादी त्याने केली नव्हती.

आता ते घरगुती भांडण. वीस-बावीस वर्षांपूर्वी माझा पुतण्या चिंचेच्या झाडावरून पडला. वय आठ. कोपर सुजले. भाऊ मला म्हणाला, "दादा, इंदापूरला न्यायचं का?" मी त्या वेळी नुकताच अशाच एका तक्त्याच्या प्रभावाखाली होतो. मी म्हणालो, "लचक असेल, चोळून घे." एका जाणकार म्हणवणाऱ्या गृहस्थांनी तीन आठवडे रोज कोपर चोळले, ओढले, सरळ केले. पोर ओरडत असे; ओरडते म्हणजे गुण येतोय, असे आम्हाला सांगितले होते. पुढे छायाचित्र काढले तेव्हा दोन गोष्टी कळल्या. कोपराच्या वर हाड मोडले होते, आणि पुढच्या स्नायूत हाडासारखा कठीण गोळा तयार झाला होता. कोपराला मार लागल्यावर चोळले की असे होऊ शकते, हे अस्थिरोगाच्या पाठ्यपुस्तकात ठळक लिहिलेले असते. फाटलेल्या स्नायूत साकळलेल्या रक्ताच्या जागी हाड जमू लागते, आणि दर वेळी ओढल्याने इजा नव्याने होते. पुतण्या आज ट्रॅक्टर चालवतो, मोबाइल डाव्या हाताने कानाला लावतो. उजवा हात त्याच्या स्वतःच्या खांद्याला लागत नाही.

त्या गृहस्थांचा हात वाईट नव्हता. थकलेल्या पाठीवर तो हात मी नंतरही अनुभवला आहे. चूक होती ती कुठे चोळायचे नाही हे न कळण्याची, आणि ती आधी माझी होती. मुलांना मी आता एवढे पाठ करायला लावतो: पडल्यावर सांधा सुजला, वाकडा दिसला किंवा हलवता येईना, तर चोळायचे नाही, ओढायचे नाही, फळीचा आधार देऊन दवाखाना गाठायचा. एकाच पायाची पोटरी सुजून गरम झाली असेल तर तिथेही हात लावायचा नाही, कारण शिरेत गुठळी असली तर ती सुटून फुप्फुसात जाते. आणि केस कापून झाल्यावर मान कडकडून घ्यायची नाही. मानेच्या झटक्याने मेंदूकडे जाणारी धमनी फाटल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. तक्त्यावर यातले एकही वाक्य नाही. १०० च्या आसपास ठिपके आहेत, पण 'इथे थांबा' असा एकही ठिपका नाही.

तक्ता मी वर्गात लावला, पण उलटा. मागची बाजू पांढरी आणि जाड आहे. तिच्यावर मुलांनी सहा रकाने आखले आणि निमगावची यादी त्यांत भरली. प्रत्येक शब्दापुढे हाताचा कोणता भाग, कोणती दिशा, मिनिटाला किती वेळा, आणि शेवटच्या रकान्यात 'केव्हा करू नये'. 'घोळणे' आणि 'घुसळणे' एकच की दोन, यावर नववीत अजून वाद चालू आहे. झुलवण्याचा रकाना रिकामा होता. शेजारच्या वस्तीवर न्हाऊ घालणाऱ्या एक आजी आहेत, त्यांच्याकडे दोन मुली विचारायला गेल्या. आजींनी बाळाच्या पोटावर अंगठा टेकवून मनगट हलवून दाखवले आणि म्हणाल्या, याला आम्ही 'डुलवणं' म्हणतो.